जुने लष्करी छायाचित्र आणि पदके हाती आली, तर ओळख कशी पटवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या पेटीत खाकी गणवेशातील सैनिकाचे पोस्टकार्डाच्या आकाराचे छायाचित्र, दोन ब्रिटिश पदके, टोपीवरचा एक पितळी बिल्ला आणि पितळेची एक चपटी डबी मिळाली आहे. छायाचित्रावर नाव नाही आणि पदके काळवंडली आहेत. हा माणूस कोण असावा, वस्तू अस्सल आहेत का, त्या घासून लख्ख कराव्यात का आणि यातूनच संग्रहाला सुरुवात करायची झाल्यास ती कशी करावी, हे आपल्याला हवे आहे. यांतील स्वच्छतेचा प्रश्न सर्वांत निकडीचा असल्याने त्याचे उत्तर आधी देतो: काहीही घासू नका आणि एकत्र आलेल्या वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करू नका.

या काळातील ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटवलेली असते. पितळेची पावडर किंवा चांदीचे पॉलिश वापरून पदक चमकवताना सर्वांत आधी झिजतात ती हीच बारीक अक्षरे आणि उठावाचे कंगोरे, आणि ती एकदा गेली की पदकाचा धनी कायमचा हरवतो. वस्तू वेगळ्या करण्याचे नुकसान याहून लवकर होते. छायाचित्रातल्या चेहऱ्याला नाव देणारा धागा बहुतेक वेळा त्याच पेटीतल्या दुसऱ्या वस्तूत असतो. म्हणून पेटी जशी मिळाली तशी तिची छायाचित्रे काढा, प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजू टिपा, वस्तू कोणत्या कागदात गुंडाळलेली होती आणि ती कोणाकडून आली हे लिहून ठेवा. फाटके पाकीट, फितीचा तुकडा, रिकामी पुठ्ठ्याची डबी यांतले काहीही टाकू नका.

ओळख पटवण्याची माझी पद्धत एका नियमावर उभी आहे. वस्तूतला प्रत्येक तपशील काळाची एक मर्यादा सांगतो: ही वस्तू अमुक वर्षाच्या आधीची असू शकत नाही, किंवा अमुक वर्षानंतरची असण्याचा संभव कमी आहे. ‘याआधीची नाही’ ही मर्यादा बहुधा पक्की असते. ‘यानंतरची नाही’ ही मर्यादा मात्र नेहमी कच्ची असते, कारण जुना गणवेश, जुना कागद आणि जुना बिल्ला पुढे अनेक वर्षे वापरात राहतो. एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन-चार तपशील एकाच अरुंद कालखंडाकडे बोट दाखवतील, तेव्हाच ठाम विधान करावे. घराण्यात सांगितली जाणारी हकीकत जरूर लिहून ठेवावी, पण ती वेगळ्या रकान्यात. वस्तू काय सांगते आणि माणसे काय सांगतात यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

छायाचित्रापासून सुरुवात करू, कारण आपल्या पेटीतली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे. प्रथम दहा पट भिंगाखाली पृष्ठभाग पाहा. करड्या छटा जर नियमित ठिपक्यांच्या जाळीने बनलेल्या दिसल्या, तर ते छापखान्यात छापलेले चित्र आहे. छटा अखंड वितळत गेलेल्या दिसल्या, तर ते खरे छायाचित्र आहे. त्या काळातील चांदीच्या क्षारांवर आधारलेल्या जिलेटिन छायाचित्रांत गडद भागांवर, विशेषतः कडेला, तिरप्या प्रकाशात निळसर रुपेरी झाक आलेली दिसते. ही झाक वयाची चांगली खूण आहे, कारण ती सहजासहजी बनवता येत नाही. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा कागदावर धरा. छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने साधारण १९५० च्या दशकापासून येऊ लागली. म्हणून निळसर पांढरा लखलखणारा कागद पहिल्या महायुद्धाचा असू शकत नाही. कापडावर मात्र ही चाचणी जपून वापरावी, कारण जुने कापड अलीकडच्या साबणाने धुतले असले तरी ते तसेच चमकते.

आता मागची बाजू. संदेश आणि पत्ता यांसाठी मधोमध रेघ मारून दोन भाग केलेले पोस्टकार्ड ब्रिटनमध्ये १९०२ पासून, जर्मनीत १९०५ पासून आणि अमेरिकेत मार्च १९०७ पासून चालू झाले. आपल्या कार्डावर अशी रेघ असेल तर खालची मर्यादा तिथेच मिळाली. तिकिटाच्या चौकटीतील कागद बनवणाऱ्याची खूणही पाहावी. अमेरिकी कार्डांवरच्या ‘अझो’ या नावाभोवती चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद ढोबळमानाने १९०४ ते १९१८ मधला, आणि दोन वर व दोन खाली असतील तर त्यानंतरचा मानतात. या तारखा संग्राहकांनी वापरलेल्या कार्डांवरून बसवलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे आधार म्हणून पाहावे, पुरावा म्हणून नाही. हस्ताक्षर बॉलपेनचे असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे, कारण बॉलपेन बाजारात सर्वत्र मिळू लागले ते १९४५ पासून. असे नाव लगेच खोटे ठरत नाही, अनेकदा मुलीने किंवा नातवाने आठवणीने ते लिहिलेले असते. मात्र ते समकालीन साक्ष म्हणून धरता येत नाही.

गणवेश वाचण्याआधी दोन सापळे सांगतो, कारण त्यांत अडकून संपूर्ण ओळख चुकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. पहिला रंगांचा. त्या काळातील बहुतेक फिल्म आणि काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे लाल रंग काळपट येतो, पिवळाही अपेक्षेपेक्षा गडद येतो आणि निळा फिकट दिसतो. जखमी ब्रिटिश सैनिकांना इस्पितळात निळा सूट, पांढरा सदरा आणि लाल टाय दिला जाई. छायाचित्रात तो सूट फिकट करडा आणि टाय काळा दिसतो, आणि पाहणारा त्याला उन्हाळी साधा पोशाख समजून बसतो. पदकांच्या फितींचे रंग छटेवरून ठरवताना हे सतत लक्षात ठेवावे लागते. दुसरा सापळा उलट्या चित्राचा. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली, किंवा चित्र लोखंडी पत्र्यावर थेट उमटवलेले असले, तर डावे-उजवे बदलते. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि पदके डाव्या छातीवर असतात. या दोन्ही गोष्टी उलट दिसल्या तर आधी चित्र आरशात पाहावे आणि मगच बाह्यांवरच्या खुणा मोजाव्यात.

ब्रिटिश सैन्याचा खाकी सर्व्हिस ड्रेस १९०२ मध्ये आला. त्याच्या नेहमीच्या कोटावर खांद्याजवळ बंदुकीच्या दस्त्यासाठी शिवलेले जादा कापडाचे तुकडे आणि खिशांवर चुण्या असतात. १९१४ मध्ये भरती अफाट वाढली, तेव्हा वेळ आणि कापड वाचवण्यासाठी हे दोन्ही गाळलेला सोपा कोट काढला गेला. नव्या भरतीतील अनेकांना तोही लवकर मिळाला नाही. ते निळ्या सर्जच्या साध्या कपड्यांत दिसतात आणि अशी छायाचित्रे बहुधा १९१४ च्या अखेरीची किंवा १९१५ ची असतात. पट्टाही पाहा. रुंद विणीव सुती पट्टा हा १९०८ च्या नमुन्याचा आहे, तर नागमोडी आकड्याने जोडलेला चामडी पट्टा १९१४ च्या नमुन्याचा असून तो मुख्यतः नव्या पलटणींना मिळाला. त्या पट्ट्यामुळे फोटो युद्ध सुरू झाल्यानंतरचा आहे हे कळते.

बाह्यांकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा. दंडावरच्या, टोक खाली असलेल्या पट्ट्या हुद्दा सांगतात. डाव्या बाहीवर कोपराखाली टोक वर केलेल्या पट्ट्या चांगल्या वर्तणुकीच्या असतात, त्यामुळे तो काही वर्षे नोकरी झालेला सैनिक ठरतो. त्याच डाव्या बाहीवर मनगटाच्या वर उभी अरुंद धातूची पट्टी दिसली तर ती जखमेची खूण आहे. ती १९१६ च्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि प्रत्येक जखमेला एक अशी लावली जाई. उजव्या बाहीवर खाली टोक वर केलेल्या लहान पट्ट्या परदेशातील सेवेच्या असतात, त्या १९१८ च्या सुरुवातीपासूनच दिसू शकतात. १९१४ संपण्याआधी परदेशी गेलेल्याची पहिली पट्टी लाल आणि बाकीच्या निळ्या. वर सांगितलेला रंगांचा नियम इथे उपयोगी पडतो: सर्वांत खालची पट्टी कापडात जवळजवळ लपून जाईल इतकी गडद आणि तिच्या वरच्या पट्ट्या उजळ दिसल्या, तर तो माणूस युद्धाच्या पहिल्याच वर्षी आघाडीवर गेलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. एका छायाचित्रात जखमेची पट्टी आणि परदेशी सेवेच्या चार पट्ट्या एकत्र सापडल्या, तर चित्राची तारीख, माणसाचा युद्धातील काळ आणि त्याला जखम झाल्याची नोंद या तीनही गोष्टी नाव कळण्याआधीच हातात येतात.

इतर सैन्यांबाबत थोडक्यात. फ्रेंच सैनिकाची गडद कोट आणि लाल विजार १९१५ मध्ये फिकट निळ्या गणवेशाला जागा देते आणि त्याच वर्षी एड्रियन शिरस्त्राण येते. ब्रिटिश उथळ ताटलीसारखे शिरस्त्राण १९१५ च्या अखेरीस आघाडीवर येऊन १९१६ मध्ये सर्रास झाले. जर्मन पोलादी शिरस्त्राणही १९१६ चेच. जर्मन छायाचित्रांत खांद्यावरच्या पट्टीवरील आकडा बहुधा रेजिमेंट सांगतो, पण युद्धकाळात तो झाकलेला किंवा काढलेला असणे स्वाभाविक आहे.

टोपीवरच्या बिल्ल्याकडे वळताना आधी मुकुट पाहा. व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी दबलेल्या असतात. १९०२ ते १९५२ दरम्यानच्या बिल्ल्यांवर घुमटासारखा गोल चढलेला मुकुट असतो. १९५३ नंतर पुन्हा दबलेल्या कमानींचा, पण वेगळ्या घडणीचा मुकुट येतो. हा फरक नखाएवढ्या चित्रातही दिसतो. दलाच्या स्थापनेच्या तारखाही तितक्याच उपयोगी आहेत. रॉयल फ्लाइंग कोर १९१२ ची, वेल्श गार्ड्स फेब्रुवारी १९१५ ची, मशिनगन कोर ऑक्टोबर १९१५ ची, टँक कोर जुलै १९१७ ची, आणि रॉयल एअर फोर्स १ एप्रिल १९१८ ची. भारतीय सैन्याच्या पलटणींचे क्रमांक १९०३ च्या फेररचनेत बसवले गेले आणि १९२२ मध्ये पुन्हा बदलले. त्यामुळे पदकाच्या कडेवर १०३ किंवा ११७ मराठा असा तीन आकडी क्रमांक आला, तर ती पलटण पुढच्या काळात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एखाद्या बटालियनच्या नावाने शोधावी लागते. नंतरच्या नावाने जुनी नोंद शोधत बसणे, हे शोध अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

पितळी बिल्ल्यांच्या नकला मात्र पदकांच्या नकलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि जुन्या साच्यातूनच पुन्हा ठोकलेले बिल्लेही बाजारात असतात. अस्सल बिल्ला ठोकून बनवलेला असल्याने मागच्या बाजूला पुढच्या नक्षीचा स्पष्ट खोलगट ठसा दिसतो, कडा धारदार असतात आणि कोरलेल्या मोकळ्या जागा स्वच्छ कापलेल्या असतात. ओतीव नक्कल जाड असते, तिच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि अक्षरे साबणाच्या वडीवरच्या ठशासारखी मऊ दिसतात. बनवणाऱ्याचे नाव मागे ठळक असले म्हणून विश्वास ठेवू नये. नकला करणारेही ते नाव हौसेने घालतात.

आपली दोन पदके, वर्णनावरून, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि पंख असलेल्या विजयदेवीचे व्हिक्टरी मेडल असावीत. दोन्हींचा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर. पहिल्यावर १९१४ आणि १९१८ ही वर्षे आहेत, दुसऱ्याच्या मागे मात्र १९१४–१९१९ असे लिहिलेले असते. हा फरक पाहून बनावटीचा संशय घेऊ नये. व्हिक्टरी मेडल एकट्याने कधी दिले गेले नाही, त्याच्याबरोबर वॉर मेडल असतेच. वॉर मेडल एकटे असू शकते. या दोघांसोबत १९१४ चा किंवा १९१४–१५ चा कांस्य तारा असेल, तर सैनिक १९१५ संपण्याआधी युद्धक्षेत्रात पोहोचला होता. ताऱ्यावर नाव कडेला न येता मागच्या सपाट भागावर येते. आपल्याकडे तारा नसल्याने, तो पुढे हरवला नसेल तर, आपला सैनिक १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेला असावा असे तूर्त धरता येईल.

कडेवरची अक्षरे वाचण्यासाठी पदक मऊ कापडावर उभे धरा आणि एका बाजूने कमी उंचीवरून दिव्याचा प्रकाश टाका. काळवंडलेल्या कडेवरही सावलीने अक्षरे उठून दिसतात. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या या दोन पदकांवर फक्त हुद्दा आणि नाव असते, क्रमांक व पलटण नसते, म्हणून ती उणीव पाहून घाबरू नये. टेरिटोरियल दलातील, म्हणजे ब्रिटनच्या अर्धवेळ राखीव दलातील, सैनिकांचे चार आकडी क्रमांक १९१७ च्या सुरुवातीला बदलून सहा आकडी झाले. त्यामुळे एकाच माणसाचे दोन क्रमांक मिळणे शक्य आहे. पदकावर साधारणपणे ज्या पलटणीबरोबर तो प्रथम युद्धक्षेत्रात गेला तिचे नाव असते. छायाचित्रातील बिल्ला वेगळ्या पलटणीचा निघाला तर दोन माणसे असल्याचा निष्कर्ष घाईने काढू नका, बदली हे त्याचे अगदी साधे कारण असू शकते.

नाव बदललेली पदके हा या छंदातला सर्वांत दुःखद प्रकार मला वाटतो, कारण त्यात एका माणसाची खूण पुसून दुसऱ्याचे मोल वाढवलेले असते. जुने नाव कानशीने काढून नवे ठोकलेले असेल तर तिथे कडा थोडी पातळ होते आणि व्यास किंचित घटतो. व्हर्नियर कॅलिपरने पदकाचा व्यास चार-पाच दिशांनी मोजा. एकाच दिशेला तो कमी भरला तर संशय रास्त आहे. ओतीव नक्कल धातू आकसल्यामुळे सर्वच दिशांनी थोडी लहान भरते. जर्मन लोखंडी क्रॉसची परीक्षा याहून सोपी आहे: १९१४ चा बहुतेक अस्सल क्रॉस लोखंडी गाभा आणि भोवती चांदीची चौकट असा जोडलेला असतो, म्हणून चुंबकाला गाभा चिकटतो आणि चौकटीचा जोड भिंगाखाली दिसतो.

इथे आणखी एक सावधगिरी. वस्तूवरचे वर्ष हे ती बनवल्याचे वर्ष असेलच असे नाही. जर्मनीचा १९१४–१९१८ असे कोरलेला हिंडेनबर्ग क्रॉस १९३४ मध्ये सुरू झाला. तोफगोळ्याच्या पितळी टरफलांवर कोरलेल्या फुलदाण्यांच्या बुडाशी कारखान्याची खूण आणि बहुधा वर्ष असते. ते टरफलाचे वर्ष आहे, कोरीवकाम त्यानंतर केव्हाही, पुष्कळदा युद्ध संपल्यावर रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठी झालेले असते. आणि हे आवर्जून सांगतो: फ्यूज लावलेला गोळा, हातबॉम्ब किंवा न उडालेले काडतूस शंभर वर्षांनीही जिवंत असू शकते. ते साफ करणे, उघडणे किंवा हलवणे यांच्या भानगडीत पडू नये. थेट पोलिसांना कळवावे.

आपली पितळी डबी, झाकणावर मध्यभागी तरुणीचा चेहरा आणि कडेला मित्रराष्ट्रांची नावे असतील तर, ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावे १९१४ च्या नाताळासाठी दिलेली भेट आहे. पुढे ती एवढ्या मोठ्या प्रमाणावर वाटली गेली की एकूण संख्या पंचवीस लाखांच्या वर गेली आणि वाटप युद्ध संपल्यानंतरही चालू राहिले. म्हणून डबी मिळाली म्हणजे तो सैनिक १९१४ मध्येच आघाडीवर होता असे ठरत नाही. आपल्या संचात तारा नसल्याचे जे आपण पाहिले, त्याच्याशी डबीचा विरोध येत नाही.

क्रमांक, नाव आणि पलटण वाचता आली की पुढचे काम कागदपत्रांचे. ब्रिटिश सैन्यातील पदकांची सूचीपत्रे आणि पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि सूचीपत्रे ऑनलाइन पाहता येतात. सेवापुस्तिकांपैकी निम्म्याहून खूप अधिक सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, त्यामुळे सेवापुस्तिका न मिळणे याचा अर्थ माणूस सैन्यात नव्हता असा होत नाही. अमेरिकेत सेंट लुइस येथील १९७३ च्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवेतून मुक्त झालेल्या भूदलातील सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. जर्मनीतील प्रशिया या राज्याच्या सैन्याची कागदपत्रे १९४५ मध्ये पॉट्सडॅम येथे नष्ट झाली, बव्हेरियाची मात्र म्युनिकमध्ये टिकून आहेत. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची आणि युद्धकैद्यांसाठी जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा संग्रह पाहावा. आडनाव सामान्य असेल तर क्रमांकाशिवाय शोध घेणे व्यर्थ आहे.

संग्रह वाढवायचा असेल तर माझा सल्ला एकच पलटण, एकच मोहीम किंवा एकच प्रकारचे छायाचित्र निवडण्याचा आहे. मर्यादित क्षेत्रात नजर लवकर तयार होते: एकाच छावणीजवळच्या स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावरचा खांब आणि पायाखालची चटई दुसऱ्या नाव असलेल्या छायाचित्रात ओळखू येते, आणि निनावी सैनिकाला निदान जागा आणि काळ मिळतो. विकत घेताना हकीकतीचे पैसे देऊ नका, जे वस्तूत दिसते त्याचेच द्या. संच फोडून विकणाऱ्याकडून एकेक तुकडा घेण्यापेक्षा साधाच, पण अखंड संच घेणे मी केव्हाही पसंत करतो.

जतनासाठी छायाचित्रे आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा; पीव्हीसीची पाकिटे आणि चिकटपट्टी वर्ज्य. पदकांना सुती हातमोज्यांनी हात लावा आणि जुनी फीत कितीही जीर्ण असली तरी बदलू नका. पेटीत फिल्मच्या निगेटिव्ह निघाल्या आणि त्यांना आंबूस उग्र वास येत असेल, त्या पिवळ्या व चिकट झाल्या असतील, तर त्या नायट्रेटच्या असू शकतात. त्या अतिशय ज्वलनशील असतात, म्हणून बाकीच्या वस्तूंपासून लगेच दूर, थंड आणि हवेशीर जागी ठेवाव्यात आणि अभिलेखागारातील जाणकाराला दाखवाव्यात.

छायाचित्राच्या दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयने स्कॅन करून घ्या आणि बाह्या, बिल्ला व पट्टा यांचे वेगळे मोठे तुकडे काढा. मग कडेवरचे नाव, मुकुटाचा प्रकार, बाह्यांवरच्या पट्ट्यांची संख्या आणि मागच्या बाजूचा मजकूर मला कळवा. तोपर्यंत पाकिटावर मऊ पेन्सिलीने एवढेच लिहा: ‘ब्रिटिश सैन्य, पहिले महायुद्ध; त्याच पेटीतील दोन पदकांशी संबंध संभाव्य, अद्याप सिद्ध नाही.’